शुद्धिपत्र

आमच्या वाचक मंडळातल्या एका काकांना आम्ही पाठीमागे ‘शुद्धिपत्र’ म्हणतो. हे त्यांच्या कानावर गेलं त्या दिवशी आमची पाचावर धारण बसली होती. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि एवढंच विचारलं, “द्धि ऱ्हस्व ना? मग हरकत नाही.”

मंडळ महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी साडेपाचला, गावातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतं. नाशकात नुसतं ‘वाचनालय’ म्हटलं की लोकांना सार्वजनिक वाचनालयच, म्हणजे सावाना, आठवतं. त्यात लोकांची चूक नाही. १८४० सालची संस्था, तात्यासाहेब शिरवाडकरांसारखा माणूस तिचा अध्यक्ष होऊन गेलेला, अंगाला परशुराम साईखेडकर नाट्यगृह. आमचं वाचनालय त्या घराण्यातलं नव्हेच, फार तर शेजारच्या आळीतलं. वर जायला लाकडी जिना, वर गेल्यावर चार पंखे, त्यातले दोन फिरणारे.

मंडळाचा जन्म मात्र पेटीतून झाला. २००९ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना काढली आणि पुस्तकांच्या पेट्या सोसायट्या-सोसायट्यांतून फिरायला लागल्या. पुढं त्या दुबईपर्यंत पोचल्या, पण त्याआधी एक आमच्या कॉलनीत आली. पेटीभर पुस्तकं. ती वाचून झाल्यावर त्यावर बोलायला माणसं हवीत, म्हणून आम्ही बसायला लागलो. पेटी पुढच्या घरी गेली, बसणं राहिलं. त्याला आता एक निवृत्त मराठीच्या बाई आहेत, एक डॉक्टर आहेत, अंबडच्या कारखान्यातला एक तरुण आहे, दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आहेत (छाटणीच्या दिवसांत म्हणजे एप्रिलला आणि ऑक्टोबरला ते येत नाहीत), आणि इतिवृत्त लिहायला मी आहे.

काका पहिल्यांदा आले तेव्हा त्या महिन्याच्या कादंबरीवर आम्ही भरभरून बोलत होतो. बाईंना नायिकेची घुसमट भिडली होती. डॉक्टरांना ती भिडली होती असं डॉक्टर म्हणाले. बागायतदारांचं म्हणणं, सहाशे पानांच्या पुस्तकाला एक खरड छाटणी हवी होती, नुसता पाला माजलाय. मग नव्या पाहुण्यांना बोलण्याची विनंती झाली. काकांनी शर्टाच्या खिशातून दुमडलेला कागद काढला.

“पान एकशे सत्तेचाळीस. खालून सहावी ओळ. अवतरणचिन्ह उघडलंय, ते मिटवलेलं नाही.”

आम्ही पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिलो.

“म्हणजे तिथून शेवटच्या पानापर्यंत ती बाईच बोलतेय,” काका म्हणाले. “साडेचारशे पानं. मध्ये ती बाळंतही होते. बोलणं थांबत नाही.”

डॉक्टरांनी सावरून घ्यायला विचारलं, “ते ठीक. पण कादंबरी कशी वाटली?”

“शिवण बरी आहे,” काका म्हणाले.

काका नाशिकरोडचे. नाशिकरोडच्या माणसाला ‘कुठे होता?’ असं विचारलं आणि त्यानं नुसतं ‘प्रेसला’ म्हटलं, तर ते वर्तमानपत्र नव्हे. १९२५ साली तिथं सरकारी छापखाना उभा राहिला. तोवर आपली टपाल तिकिटं विलायतेत छापली जात आणि राजाचा चेहरा बोटीनं इकडे येई. १९२८ पासून शेजारी नोटा छापू लागले. तीन-तीन पिढ्या प्रेसला असलेली घरं त्या भागात आहेत. काका छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होते आणि त्यातली बहुतेक वर्षं त्यांनी छापून आलेले ताव तपासण्यात घालवली. शाई फुटली का, रेघ तुटली का, आकडा सरकला का. रोज जाताना झडती, येताना झडती. लाखो रुपये डोळ्यांखालून गेले, पण काकांना आठवतात ते खराब निघालेले. “चांगल्या नोटेला चेहरा नसतो, ताई,” असं ते मला एकदा म्हणाले. “खराब नोट विसरता येत नाही.”

या माणसाच्या हाती निवृत्तीनंतर कादंबऱ्या पडल्या.

त्यांच्या वहीची एक गंमत सांगायलाच हवी. शाळेच्या दोनशे पानी वहीत त्यांनी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद आहे आणि काही नावांपुढे लाल शाईत एक चांदणी काढलेली आहे. अंबडच्या मुलानं ती वही एकदा चोरून पाहिली. त्याच्या मोबाइलच्या जगात पुस्तकाला पाचपैकी तारे देतात, तेव्हा त्यानं साहजिकच चांदणीवाल्या पुस्तकांची यादी उतरवून घेतली, ‘काकांची निवड’ म्हणून गटावर टाकली आणि त्यातली तीन पुस्तकं आम्ही विकतही घेतली. पहिलं वाचताना वाटलं, आपलीच अभिरुची कमी पडतेय. दुसरं वाचताना तेच वाटलं. तिसऱ्याच्या वेळी बाईंनी थेट विचारलं.

तेव्हा काकांनी चांदणीचा अर्थ सांगितला. नोट खराब निघाली की तिच्या जागी बदली नोट घालावी लागते. २००६ पासून अशा बदली नोटेच्या क्रमांकात, अक्षरं आणि आकडे यांच्या मधोमध, एक तारा छापतात. “म्हणजे तारा दिसला की समजायचं, मूळ माल फेकावा लागला होता.”

तीन पुस्तकांचे मिळून अकराशे चाळीस रुपये गेले होते. काकांनी वाचलेली, पण चांदणी नसलेली पुस्तकं कुठली, हे विचारायचं त्रास दिल्यासारखं होईल म्हणून राहून गेलं.

काकांच्या भाषाप्रभुत्वाचाही आमच्यावर बराच काळ दबदबा होता. बाईंनी एकदा सहज म्हटलं, की त्यांना मराठी, हिंदी, संस्कृत आणि थोडं गुजराती वाचता येतं. काका म्हणाले, “मी पंधरा.” सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. “आसामीपासून उर्दूपर्यंत. मराठी बरोबर मध्यावर, आठवी. वर सात, खाली सात.” बाईंना भरून आलं. त्यांनी विचारलं, बंगालीत काय काय वाचलंत? काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “शंभर रुपये. पाचशे रुपये. मधल्या काळात हजार रुपयेही वाचले.” नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांची जी उभी पट्टी असते, तेवढं त्यांचं भारतीय साहित्य. आणि ते त्यांनी कुठल्याही तौलनिक अभ्यासकापेक्षा बारकाईनं वाचलेलं आहे. तमिळमधली एक वेलांटी सरकली तरी त्यांना कळे. फक्त अर्थ कळत नसे, आणि पंधराही ठिकाणी अर्थ एकच असल्यामुळं त्यानं काही अडत नसे.

माझ्या इतिवृत्तावर त्यांचा विशेष लोभ. ‘चर्चा रंगली’ असं मी लिहिलं की समासात पेन्सिलीचं बारीक अक्षर येतं : ‘रंगली हे मत. नोंद नव्हे. कोण किती मिनिटं बोललं?’ मी लिहिते ‘उपस्थितांनी आभार मानले’. शेरा येतो : ‘कोणाचे?’ गेल्या वर्षी मी वैतागून आख्खं इतिवृत्त चार ओळींत आटपलं. त्याखाली लिहिलेलं होतं, ‘उत्तम.’ छत्तीस वर्षांच्या तपासणीतून मी निर्दोष सुटले, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

त्यांचा मोठा पराभव आम्ही पाहिला तो एका जुन्या कादंबरीच्या वेळी. वाचनालयाच्या कपाटातली प्रत, पिवळी पडलेली, पुठ्ठ्याला खळीचा वास. काका त्या बैठकीला आले ते वही नव्हे, दोन वह्या घेऊन. चेहरा वीज कोसळल्यासारखा. “असं पुस्तक मी आयुष्यात पाहिलं नाही,” म्हणाले. “प्रत्येक ओळीत टिंब. ‘नाहीं’वर टिंब. ‘कां’वर टिंब. ‘घरें’वर टिंब. पहिल्या पन्नास पानांत मी मोजणं सोडलं. शाई उडालीय म्हणावी तर इतक्या नेमक्या जागी कशी उडेल?”

बाईंनी हळूच विचारलं, “काका, पुस्तक कधीचं आहे?”

१९५१ सालचं होतं. मग बाईंनी चाळीस वर्षांच्या अध्यापनाचा सगळा अनुभव एकवटून त्यांना समजावलं, की तेव्हा असंच लिहीत. उच्चारात न येणारे ते अनुस्वार व्युत्पत्तीची आठवण म्हणून ठेवलेले होते. मराठी साहित्य महामंडळानं शुद्धलेखनाचे नियम केले, १९६२ साली शासनानं ते मान्य केले आणि ती टिंबं गेली. छापणाऱ्याची चूक नव्हती. उलट एकेक टिंब त्यानं खिळा उचलून बसवलेलं होतं.

काका बराच वेळ गप्प होते. दोन वह्या वाया गेल्याचं दुःख वेगळंच असतं. मग त्यांनी विचारलं, “एका रात्रीत गेली का सगळी?”

“जवळजवळ.”

“लोकांना बदलून घ्यायला मुदत होती?”

डॉक्टरांना हसू आलं, पण काका गंभीर होते. २०१६ च्या नोव्हेंबरात त्यांच्या निवृत्तीला जेमतेम एक वर्ष उरलं होतं. आठ तारखेच्या रात्री त्यांनी स्वतःच्या डोळ्यांखालून गेलेला हजाराचा नि पाचशेचा आख्खा संसार टीव्हीसमोर बसून बाद होताना पाहिला होता. त्यांना अनुस्वाराचं दुःख आमच्यापेक्षा नीट कळलं. पुढच्या बैठकीला ते पुस्तक परत आलं, तेव्हा पेन्सिलीच्या सगळ्या खुणा त्यांनी खोडरबरानं पुसलेल्या होत्या. दोनशे चौदा पानं. पुसलेल्याचा कीसही कुठं राहिलेला नव्हता.

अंबडच्या मुलाशी त्यांचं जमणं कठीण होतं. तो पुस्तकं ऐकतो. पाळी सुटली की कानात बोंडं घालून सातपूरमार्गे घरी जाताना एक प्रकरण संपवतो. काकांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, “ऐकण्यात ऱ्हस्व-दीर्घ कळतं?” तो म्हणाला, “नाही.” “मग चूक कशी सापडते?” “सापडत नाही काका.” काकांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यात कीव होती की हेवा, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

नाशिकरोडला काकांच्या दारी लग्नपत्रिका तपासायला येतात. प्रेसमधल्या माणसाच्या नजरेतून गेलेली पत्रिका म्हणजे शिक्कामोर्तब. एका घरानं न दाखवता छापली आणि ‘वधू’ ऱ्हस्व निघाली. ऱ्हस्व वधूच्या लग्नाला आपण जाणार नाही, असं काकांनी जाहीर केलं. काकूंनी डोळे वटारल्यावर गेले, पण आहेराच्या पाकिटावर ‘वधू’ शब्द तेवढा मोठ्ठा, दीर्घ, खाली दोनदा अधोरेखित करून लिहून आले. मुक्तिधामच्या भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय लिहिलेले आहेत. तिथं काका एकदा सकाळपासून दुपारपर्यंत मान वर करून उभे होते, असं काकूच सांगतात. किती चुका सापडल्या, हे मी विचारलं. काका म्हणाले, “देवाच्या दारचं बाहेर सांगत नसतात.”

हे सगळं लिहिताना काकांची चेष्टा होतेय हे मला कळतं. पण त्या सोळा पानांचा प्रसंग आठवला की हात आखडतो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एक गाजलेली कादंबरी घेतली होती. पुस्तक महाग, म्हणून वाचनालयाची एकच प्रत आळीपाळीनं फिरवली. सहा जणांनी वाचली, सातवे काका. बैठकीत जो तो कथेच्या ओघावर खूष. डॉक्टर म्हणाले, हातातून खाली ठेववत नाही. मी स्वतः म्हणाले, की लेखकानं काय सांगितलं यापेक्षा काय सांगितलं नाही ते महत्त्वाचं आहे. हे वाक्य मी घरून तयार करून नेलेलं होतं.

काकांची पाळी आली. “नवरा कुठं गेला?” त्यांनी विचारलं.

“कोणाचा?”

“नायिकेचा. पान ऐंशीवर जेवतोय. पान सत्त्याण्णववर ती विधवा आहे. मधला फर्माच नाही. एक्याऐंशी ते शहाण्णव, सोळा पानं बांधायची राहिलीत. म्हणून विचारलं. तुम्ही सगळ्यांनी वाचलंय, तर कोणी सांगेल का, तो मेला कसा?”

फिरणारे दोन्ही पंखे त्या क्षणी फार आवाज करू लागले. बाई म्हणाल्या, त्यांना तो लेखकाचा संयम वाटला होता. डॉक्टरांनी फोन आल्यासारखं केलं. मी माझ्या वाक्याकडे पाहिलं. ते अजून बरोबरच होतं, आणि तीच त्याची अडचण होती. काकांनी विजय वगैरे काही साजरा केला नाही. ते खरोखरच विचारत होते. त्यांना नवऱ्याची काळजी लागली होती. दुसऱ्या दिवशी सिटीलिंकची बस पकडून, द्वारकेच्या कोंडीत घाम गाळत ते पुन्हा गावात आले, एका दुकानात उभं राहून ती सोळा पानं नव्या प्रतीत वाचली, आणि संध्याकाळी गटावर एकच ओळ टाकली : ‘सर्पदंश. पान ८९. छपाई स्वच्छ.’

कुसुमाग्रजांवर आम्ही एकदा बसलो होतो तेव्हाचं असंच. ‘विशाखा’ १९४२ साली वि. स. खांडेकरांनी प्रसिद्ध केली, प्रस्तावनाही त्यांचीच, हे बाई सांगत होत्या. एका मोठ्या लेखकानं दुसऱ्यासाठी केलेल्या कामाचं कौतुक चाललेलं. काकांनी हात वर केला. “प्रुफं कोणी तपासली?” कोणालाच माहीत नव्हतं. बाईंनाही नाही. काकांनी वहीत तो प्रश्न लिहून ठेवला, उत्तराला पुरेल एवढी जागा मोकळी सोडली, आणि मग म्हणाले, “चालू द्या तुमचं.”

या वर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाचा मोठा कार्यक्रम करायचं मंडळानं ठरवलं. निमंत्रणपत्रिकेचा मसुदा मी केला. शेवटी लिहिलं, ‘कार्यक्रमानंतर अल्पोपहार’. काकांनी मसुदा असा धरला, जसा उजेडासमोर शंभराचा ताव धरावा.

“एक काना राहिला. अल्पोपाहार. उपाहार म्हणजे खाणं. उपहार म्हणजे भेट. तुम्ही लोकांना वडा देणार आहात की भेटवस्तू?”

“वडा.”

“मग काना हवा.”

मी म्हटलं, सगळे असंच लिहितात. काका म्हणाले, सगळ्यांनी खोटी नोट चालवली म्हणून ती खरी होत नाही. छापखान्यात ते स्वतः गेले. काना पडला की नाही हे दोनशेच्या दोनशे प्रतींवर तपासलं. पत्रिकेच्या तळाशी मी त्यांना न सांगता बारीक अक्षरात ‘मुद्रितशोधन’ म्हणून त्यांचं नाव घातलं होतं, ते छापण्याआधीच त्यांनी काट मारून काढलं. “नोटेवर गव्हर्नरची सही असते, ताई. तपासणाऱ्याची कुठं असते?”

सत्तावीसला सभागृह भरलं. चारच्या सुमारास वडेवाल्याचा फोन आला, गाडी आडगाव नाक्याच्या अलीकडे बंद पडलीय. पाच वाजता पुन्हा आला, आज काही जमत नाही. पाहुण्यांचं भाषण ऐन रंगात (हे मत आहे, नोंद नव्हे) आणि आमच्या पोटात गोळा. तेवढ्यात दिंडोरीचे बागायतदार उठले, खाली गेले आणि बाजारात न्यायला म्हणून पिकअपमध्ये भरलेले द्राक्षांचे क्रेट वर आणून ठेवले. हंगाम ऐन भरात होता. माणशी एक घड. लोक इतके खूष झाले, की वड्याची कोणाला आठवणही राहिली नाही.

काकांना सोडून. ते दारात उभे होते. एका हातात उरलेल्या पत्रिका, दुसऱ्या हातात वही, वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते अदबीनं एकच प्रश्न विचारत होते.

“इथं खाल्लीत, का घरी नेताय?”

डॉक्टर म्हणाले, खाल्ली. डावीकडे एक खूण झाली. बाई म्हणाल्या, नातीसाठी नेतेय. उजवीकडे एक. अंबडच्या मुलानं कानातली बोंडं काढली, प्रश्न पुन्हा ऐकला आणि रिकामा देठ दाखवला. डावीकडे. मग मी आले. माझा अर्धा घड भाषण चालू असतानाच संपला होता आणि उरलेला अर्धा मी रुमालात बांधला होता. काकांनी रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेन्सिल वहीवर उतरली आणि दोन रकान्यांमधल्या त्या रेघेवर येऊन थांबली.